पार्टीच्या मध्यावर अडलेली कादंबरी : व्हर्जिनिया वुल्फ, सप्टेंबर १९२०

२६ सप्टेंबर १९२० च्या रोजनिशीत इंग्रज कादंबरीकार व्हर्जिनिया वुल्फने लिहून ठेवलं आहे की जेकब थांबला, आणि तोही ऐन पार्टीत, जी लिहिताना तिला इतकी मजा येत होती. जेकब म्हणजे ‘जेकब्ज रूम’, तिची तिसरी कादंबरी. एप्रिलमध्ये हाती घेतलेली, गेले दोन महिने खंड न पडता चाललेली. ती का अडली हे शोधायला चरित्रकाराची गरज नाही, कारण तिने स्वतःच त्याच पानावर सांगून टाकलं आहे. आठवडाभर आधी कवी टी. एस. एलियट तिच्याकडे शनिवार-रविवार मुक्कामाला येऊन गेला होता.

दुसऱ्याशी तुलना करून हातपाय गळणं आणि ‘अजून नीट झालेलं नाही’ म्हणत मागे मागे जाणं या लिहिणाऱ्यांच्या दोन जुन्या व्याधी. त्या आपण वेगवेगळ्या समजतो. पहिलीला मत्सर म्हणून लाज वाटते, दुसरी मात्र गुण म्हणून मिरवली जाते: ‘मी फार परफेक्शनिस्ट आहे.’ वुल्फच्या या एका नोंदीत पहिलीतून दुसरी कशी निघते ते जवळून दिसतं. पुढे काय झालं याचीही तारीखवार नोंद आहे. म्हणून हे प्रकरण.

पाहुणा काय बोलला, काय नाही

वुल्फ तेव्हा ३८ वर्षांची होती. ससेक्समधल्या रॉडमेल गावातलं मंक्स हाउस हे घर तिने आणि नवरा लिओनर्डने आदल्या वर्षी लिलावात ७०० पौंडांना घेतलं होतं. एलियट तिच्याहून सहा वर्षांनी लहान, लॉइड्स बँकेत नोकरी करणारा. त्याच्या कवितांची पुस्तिका १९१९ मध्ये वुल्फ दांपत्यानेच आपल्या हॉगर्थ प्रेसमधून काढली होती. म्हणजे नात्याने पाहायचं तर ही प्रकाशक आणि तो तिचा कवी.

गप्पा रंगल्या त्या आयरिश कादंबरीकार जेम्स जॉइसवर. एलियट नुकताच पॅरिसमध्ये त्याला भेटून आला होता. जॉइसची ‘युलिसिस’ ही कादंबरी अमेरिकेतल्या ‘लिटल रिव्ह्यू’ या मासिकात १९१८ पासून क्रमशः येत होती. एका माणसाचं आयुष्य सोळा प्रसंगांतून, तेही एकाच दिवसात, आणि जेवढं वाचलं तेवढं अतिशय तेजस्वी, असं एलियटचं मत वुल्फने टिपलं आहे. तिच्या स्वतःच्या लेखनाबद्दल तो चकार शब्द बोलला नाही. लेखिका म्हणून माझा जो काही दावा आहे त्याकडे त्याने साफ दुर्लक्ष केलं, मी गरीब गाय असते तर बुडालेच असते, अशा अर्थाचं तिने २० तारखेला लिहिलं. सहा दिवसांनी कळलं की बुडणं पूर्ण टळलेलं नव्हतं.

इथे आणखी एक गोष्ट. जॉइस आणि वुल्फ एकाच वयाचे. तिचा जन्म २५ जानेवारी १८८२ चा, त्याचा २ फेब्रुवारी १८८२ चा. शेक्सपिअरशी तुलना करून कुणी आजारी पडत नाही. जिव्हारी लागतो तो आपल्याच वयाचा, आपल्याच वाटेवरचा, दोन पावलं पुढे असावा असा भासणारा. शिवाय ‘युलिसिस’चं हस्तलिखित एप्रिल १९१८ मध्ये खुद्द तिच्याच घरी येऊन गेलं होतं. जॉइसच्या पाठीराख्या हॅरिएट वीव्हर यांनी ते छापाल का म्हणून आणलं होतं. हातछपाईच्या प्रेसला एवढा मजकूर झेपणारा नव्हता, आणि बाहेरचे मुद्रक अश्लीलतेच्या खटल्याला भीत होते. वुल्फ दांपत्याने ते परत केलं.

अडलं नेमकं काय

२६ तारखेच्या नोंदीचा क्रम सावकाश वाचायला हवा. एलियट आला तो दोन महिन्यांच्या सलग लेखनाच्या पाठोपाठ, त्यामुळे मरगळ आली, सावट पडलं. कादंबरीत गुंतलेल्या मनाला सगळं धाडस, सगळा आत्मविश्वास लागतो. तो काही बोलला नाही, पण मला वाटून गेलं की मी जे करते आहे ते बहुधा मिस्टर जॉइस जास्त चांगलं करत आहेत. मग प्रश्न पडला की मी करते आहे तरी काय. मग, अशा वेळी नेहमी होतं तसं, मनात पाल चुकचुकली की आराखडा पुरेसा स्पष्ट विचार करून ठरवलेलाच नाही. आणि मग आकसणं, कीस पाडत बसणं, कचरणं. म्हणजे संपलंच.

माझ्या मते सगळं घोडं ‘आराखड्या’पाशी पेंड खातं. कारण आराखडा नसणं हाच तर या कादंबरीचा आराखडा होता! त्याच वर्षी २६ जानेवारीला, अडतिसावा वाढदिवस झाल्याच्या दुसऱ्या दिवशी, तिला नव्या कादंबरीची कल्पना सुचली होती: परांची नाही, वीटही जवळपास दिसायची नाही, सगळं संधिप्रकाशातलं, पण काळीज मात्र धुक्यातल्या आगीसारखं लख्ख. एप्रिलमध्ये वहीच्या सुरुवातीला तिने लिहिलं की मुख्य मुद्दा हा की ही कादंबरी मोकळी असावी, आकाराचं काय, तर ती खोलीच सगळं एकत्र धरून ठेवेल असं समजू. एप्रिलमध्ये जे स्वातंत्र्य होतं ते सप्टेंबरमध्ये दोष ठरलं, आणि मधल्या काळात कादंबरीत काहीच बिघडलं नव्हतं. फक्त एक पाहुणा जेवून-राहून गेला होता.

तुलना ‘तू कमी आहेस’ असं सरळ तोंडावर सांगत नाही. तसं सांगितलं तर आपण भांडू तरी. ती कामाच्या भाषेत बोलते: पहिलं प्रकरण पुन्हा बघ, निवेदक बदलून बघ, अजून थोडं वाचन करून मग लिही. हा सल्ला शहाणपणाचा वाटतो, म्हणून माणूस निमूट ऐकतो. वुल्फला हे उमजलं होतं, ‘अशा वेळी नेहमी होतं तसं’ हे शब्द उगाच आलेले नाहीत. शंका आली, पण शंकेची जात तिने ओळखली.

आणि तुलना कशाशी होती? जॉइसची कादंबरी तेव्हा पुरी झालेली नव्हती, तिची तर अर्ध्यावर होती. एका अपुऱ्या कादंबरीची ऐकीव कीर्ती एकीकडे आणि आपल्या टेबलावरचा खाडाखोडीचा कागद दुसरीकडे, असा तो सामना. दिवाळी अंकांच्या दिवसांत फेसबुकवर ‘यंदा माझं लेखन या अंकांत’ अशा याद्या फिरायला लागल्या की मराठीत लिहिणाऱ्या किती जणांच्या कथा त्याच आठवड्यात ‘पुन्हा पहिल्यापासून लिहायला’ घेतल्या जातात, ते ज्याचं त्याला ठाऊक. कथा कुणी वाचलेली नसते, अनुक्रमणिका पुरते.

पूर्वपीठिका थोडक्यात

तिची पहिली कादंबरी ‘द व्हॉयेज आउट’ १९१५ मध्ये आली ती अनेक वर्षांच्या पुनर्लेखनानंतर. दुसरी, ‘नाइट अँड डे’, १९१९ ची, जुन्या वळणाची, भरभक्कम. तिच्यावर कथालेखिका कॅथरिन मॅन्सफिल्डने ‘अथेनियम’ या साप्ताहिकात परीक्षण लिहिलं. वुल्फला त्यात खुन्नस दिसली. सभ्य, वयस्क, मठ्ठ बाई, जेन ऑस्टिनची नवी आवृत्ती, असं माझं चित्र काढलं आहे, ही तिची तक्रार. ज्या मॅन्सफिल्डची ‘प्रिल्यूड’ ही दीर्घकथा वुल्फ दांपत्याने स्वतःच्या प्रेसवर छापली होती, तिच्याकडूनच हे आलं. तेव्हा ‘जेकब्ज रूम’ हा मोठा जुगार होता. एलियट नसता आला तरी जखम आधीपासून ओली होतीच.

तिने काय केलं

पहिलं म्हणजे अडलेलं पान ओढूनताणून पुढे रेटलं नाही, आणि फाडूनही टाकलं नाही. त्याच नोंदीत ती म्हणते की खरं कारण दोन महिन्यांचं सलग काम असावं, कारण मन आता दुसरीकडे वळू लागलं आहे. स्वतःच्या लायकीवर निकाल देण्याऐवजी तिने थकव्याचं निदान केलं. साधं वाटतं, पण बहुतेक लिहिणारे नेमकं उलट करतात.

मन वळलं होतं ते एका भांडणाकडे. कादंबरीकार आर्नोल्ड बेनेटने ‘आवर विमेन’ या पुस्तकात बौद्धिक सामर्थ्यात पुरुष स्त्रियांहून श्रेष्ठ असल्याचं म्हटलं होतं. ‘न्यू स्टेट्समन’ या साप्ताहिकात वुल्फचाच मित्र डेस्मंड मॅकार्थी याने टोपणनावाने त्याला दुजोरा दिला. वुल्फने ऑक्टोबरमध्ये संपादकांना पत्रं पाठवली, ती छापून आली. त्यातला एक युक्तिवाद आपल्या प्रकरणाला थेट लागू पडतो. शेक्सपिअर घडायला काय लागतं, तर त्याच्या कलेत त्याच्या आधी होऊन गेलेले लोक, कलेची मोकळी चर्चा आणि सराव करणारा एखादा गट, आणि स्वतःला वागण्याची, अनुभव घेण्याची पुरेपूर मोकळीक. गुणवत्तेची तुलना मांडणाऱ्याला तिने परिस्थितीची तुलना करायला लावली.

हे गमतीचं आहे. सप्टेंबरच्या अखेरीस खासगी वहीत जी बाई ‘तो माझ्याहून चांगलं करतो’ हे पुराव्याशिवाय मान्य करते, तीच काही दिवसांत जाहीरपणे ‘स्त्रिया कमी’ या विधानाची चिरफाड करते. तुलना बाहेरून आली तर तिचं डोकं चालत होतं, आतून आली तर मान खाली जात होती. मला वाटतं या भांडणाने तिचं डोकं पुन्हा चालू केलं. तसं तिने कुठे म्हटलेलं नाही, हा माझा अंदाज.

दुसरी गोष्ट त्या महिन्यात सुरू झालेली नव्हती, आधीपासून हाताशी होती, ती म्हणजे रोजनिशी. एप्रिल १९१९ मध्ये तिने आपली जुनी पानं वाचून पाहिली आणि त्या भरधाव, खडबडीत लिखाणाने ती चरकली. पण मग तिच्या लक्षात आलं की टायपिंगच्या वेगाहून वेगाने लिहिलं नसतं, थांबून विचार केला असता, तर हे लिहिलंच गेलं नसतं. आणि थांबलो असतो तर ज्या गोष्टी गाळल्या असत्या त्याच नेमक्या उकिरड्यातले हिरे निघतात. चहानंतरच्या या अर्ध्या तासामुळे आपल्या व्यावसायिक लेखनात सहजता आली, असंही तिने नोंदवलं आहे. परफेक्शनिझमवर ‘मनाला समजवा’ असले उपाय सुचवणाऱ्यांनी हे वाचावं. तिने मनाला समजावलं नाही, तर हाताला असं एक काम दिलं जिथे बिनचूक लिहायला वेळच नव्हता.

२५ ऑक्टोबर १९२० ची नोंद तर अंगावर येते. आयुष्य म्हणजे दरीवरची फरसबंदीची अरुंद पट्टी, असं म्हणून ती दुःखांची यादी करते. मूल नाही, मित्र दूर, चांगलं लिहिता येत नाही, खाण्यावर फार खर्च होतो, म्हातारपण येतंय. (एका दमात वांझपण आणि किराणा, ही यादी खरी असल्याची खूण.) मग म्हणते, लिहिता लिहिता उदासी कमी होतेय, मग मी हे वरचेवर का लिहीत नाही? कारण अहंकार आड येतो. स्वतःच्या नजरेतसुद्धा मला यशस्वी दिसायचं असतं.

खिळे

तिसरी गोष्ट प्रेसची, आणि इथे थोडं थांबतो. मार्च १९१७ मध्ये वुल्फ दांपत्याने लंडनच्या फॅरिंग्डन स्ट्रीटवरून एक छोटा हातप्रेस आणि खिळे, म्हणजे छपाईची धातूची सुटी अक्षरं, घेतले, एकूण १९ पौंड ५ शिलिंग ५ पेन्स. रिचमंडच्या हॉगर्थ हाउसमध्ये जेवणाच्या टेबलावर तो मांडला. लिओनर्डचा हेतू साधा होता: दुपारच्या वेळी तिच्या डोक्याला लेखनातून पूर्ण सुटी देणारं हाताचं काम हवं. व्हर्जिनिया खिळे जुळवायची, लिओनर्ड छापायचा.

खिळे जुळवताना वाक्याला ‘महान’ वगैरे काही राहत नाही. एक एक अक्षर उचलायचं, आरशातल्यासारखं उलटं वाचायचं, ओळ पट्टीत बसवायची, जागा उरली तर कोरे खिळे भरायचे. ‘प्रिल्यूड’ची पानं तिने अशी जुळवली. पुढे १९२३ मध्ये हॉगर्थने एलियटचं ‘द वेस्ट लँड’ काढलं, त्याचे खिळेही तिनेच जुळवले. ज्यांच्यापुढे आपण खुजे वाटतो त्यांच्या ओळी अशा बोटांतून जाऊ दिल्या की त्यांच्यातलं देवपण थोडं उतरतं आणि कारागिरी दिसू लागते, असं मला वाटतं.

प्रेसचा व्यवहारी फायदा त्याहून मोठा. पहिल्या दोन्ही कादंबऱ्या तिचा सावत्र भाऊ जेराल्ड डकवर्थ याच्या संस्थेने काढल्या होत्या. ‘जेकब्ज रूम’ हॉगर्थने काढली. कुणा संपादकाला आवडेल का, हा प्रश्नच गळून पडला. आपण हवं ते लिहायला मोकळी असलेली इंग्लंडमधली एकमेव बाई आहोत, असं पुढे १९२५ मध्ये तिने म्हटलं. हा उपाय सगळ्यांना परवडणारा नाही, हेही खरं. घरचं थोडं उत्पन्न, नोकर आणि लिओनर्डसारखा नवरा तिला होता.

उलटलेला आजार

इतकं सगळं असूनही एप्रिल १९२१ मध्ये ती पुन्हा आडवी झाली. ‘मंडे ऑर ट्यूझडे’ हा तिचा कथासंग्रह हॉगर्थनेच काढला, स्थानिक मुद्रकाकडून वाईट छापून. ‘टाइम्स’ला प्रत गेली तीही प्रकाशनाची तारीख न घालता, त्यामुळे परीक्षण घाईत, कोपऱ्यात, तोकडं आलं. त्याच सुमारास तिचा मित्र लिटन स्ट्रेची याचं ‘क्वीन व्हिक्टोरिया’ हे चरित्र आलं आणि त्याच्यावर स्तुतीचे रकाने भरले. हे पुस्तक त्याने अर्पण केलं होतं व्हर्जिनिया वुल्फला! ८ एप्रिलला ती लिहिते की लेखिका म्हणून मी फसलेय, जुनी झालेय, म्हातारी झालेय, पुस्तक म्हणजे फुसका बार. ‘जेकब’ पुढे सरकेना.

यावेळी तिला उठवलं ते कशाने? स्ट्रेचीला ‘स्ट्रिंग क्वार्टेट’ ही कथा अप्रतिम वाटली, हे तिसऱ्याच्या तोंडून कळलं तेव्हा स्वारी खुलली. म्हणजे स्तुतीनेच. हे लपवण्यात अर्थ नाही. स्तुतीची भूक तिची कधी गेली नाही, पण त्या भुकेवर कादंबरी अवलंबून ठेवायची नाही एवढं ती हळूहळू शिकत होती.

त्या उन्हाळ्यात दोन महिने ती खरंच आजारी होती. तिच्या मानसिक आजाराचं कारण परफेक्शनिझममध्ये शोधणं हा अडाणीपणा होईल. तो आजार होता, या प्रकरणाच्या कक्षेबाहेरचा.

४ नोव्हेंबर १९२१ ला ‘जेकब’चे शेवटचे शब्द लिहून झाले. तिने हिशोबही मांडला आहे: १६ एप्रिल १९२० ला सुरुवात, मधले सहा महिने कथासंग्रह आणि आजारपण यांचे, म्हणजे लेखन साधारण वर्षभराचं. अडलेला काळ तिने खर्चात धरला, गुन्ह्यात नाही. जुलै १९२२ मध्ये लिओनर्डने वाचून पसंती दिली, आणि तिने लिहिलं की चाळिशीत मला स्वतःच्या आवाजात काही बोलायला सुरुवात कशी करावी हे सापडलं आहे, आणि ते इतकं रस देणारं आहे की स्तुतीशिवायही पुढे जाता येईल.

तुलना गेली का?

नाही. १९२२ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात, ‘जेकब’ची प्रुफं येत असताना, ती ‘युलिसिस’ वाचत होती, आणि तिचे शेरे जहरी आहेत: मुरमं खाजवणारा कॉलेजातला पोरगा वगैरे. पुस्तक संपवून ‘बार चुकला’ म्हणाली, मग एक चांगलं परीक्षण वाचून जरा नरमली. या तिरस्काराला काही जण तिची साहित्यिक भूमिका म्हणतात. मला ती ढाल वाटते. आपली प्रुफं समोर असताना प्रतिस्पर्ध्याचं पुस्तक निवांतपणे वाचायला संतच हवा. मॅन्सफिल्ड जानेवारी १९२३ मध्ये गेली तेव्हा मला कधी हेवा वाटला असेल तर तो तिच्याच लेखनाचा, हे वुल्फने कबूल केलं. आणि जानेवारी १९४१ मध्ये जॉइस वारला तेव्हा तिच्या रोजनिशीत काय आहे? तो माझ्याहून पंधरवड्याने लहान. आठच दिवसांनी लहान होता तो, पण वयाचा हिशोब वीस वर्षांनंतरही चालूच होता.

मग बदललं काय, ते १९२३ मध्ये दिसतं. बेनेटनेच आता ‘जेकब्ज रूम’वर ठपका ठेवला की यातली पात्रं मनात टिकत नाहीत. हा घाव १९२० च्या शंकेवरच बसणारा होता. १९ जूनच्या नोंदीत ती म्हणते की खरंही असेल, ‘वास्तव’ उभं करण्याची ती देणगी माझ्याकडे नाही, काही अंशी तर मी मुद्दामच माणसांचा भरीवपणा काढून घेते, कारण असल्या वास्तवाच्या स्वस्तपणावर माझा भरवसा नाही. पुढे ती स्वतःला आणखी अवघड प्रश्न विचारते: खरं वास्तव पोचवण्याची ताकद माझ्यात आहे का, की मी फक्त स्वतःवर निबंध लिहिते? आणि मग लिहिते की उत्तरं अगदी न आवडणारी आली तरी ही उत्तेजना शिल्लक राहतेच.

आराखडा तपासायला ती यावेळी मागे गेली नाही. तेव्हा तिच्या टेबलावर ‘द अवर्स’ नावाचं हस्तलिखित होतं. ते १४ मे १९२५ ला ‘मिसेस डॅलोवे’ म्हणून बाहेर आलं. तीही एकाच दिवसात घडणारी कादंबरी, ‘युलिसिस’नंतर तीन वर्षांनी. लोक ताबडतोब जॉइसशी तुलना करणार हे तिला न कळण्याइतकी ती भोळी नव्हती.